भंडारा, बोळा आणि कलम एकशे पंच्याऐंशी

तालुक्याच्या कोर्टात मला समोरून 'मुलाणीसाहेब' म्हणत आणि पाठ फिरली की 'बाटलीवाले वकील'. हे नाव मला कुणा विरोधकाने दिलेलं नाही. माझ्याच एका पक्षकाराने, निर्दोष सुटल्याच्या आनंदात, कोर्टाच्या पायऱ्यांवर उभं राहून दहा माणसांदेखत दिलं. तेव्हापासून ते चिकटलं ते चिकटलंच.

खरं सांगायचं तर मी जन्मात दारूचा थेंब चाखलेला नाही. आमच्या घरात ती येत नाही आणि मला तिच्या वासानेच मळमळतं. तरी माझ्या वकिलीतले निम्मे पक्षकार तिनेच पाठवले. आमच्या बेगम म्हणत, "लोक पिऊन बरबाद होतात, तुम्ही न पिता आबाद झालात." हे त्या अडतीस वर्षं ऐकवत आल्या.

बाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगतो. लोणावळा आमच्या तालुक्यात. पावसाळ्यातल्या रविवारी भुशीच्या धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर इतक्या गाड्या असतात की पाण्याला वाट मिळते, माणसाला मिळत नाही. त्यातले बरेच जण धबधब्याखाली आणि धबधब्याआधी भिजून आलेले असतात. खाली पोलीस उभे. "फुंक मारा." मशीनवर आकडा येतो आणि तो माणूस दोन-चार दिवसांनी माझ्या समोरच्या खुर्चीत येतो. मोटार वाहन कायद्याचं एकशे पंच्याऐंशी कलम सांगतं, की शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर दारू आढळली आणि तुम्ही गाडी चालवत होतात, तर गुन्हा. पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दहा हजार दंड, नाहीतर दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलात तर कैद दोन वर्षांपर्यंत जाऊ शकते. आणि लोक ज्याचा विचारच करत नाहीत ते असं, की गुन्हा शाबीत झाला की लायसन कमीत कमी सहा महिने जातं. गुन्हा कबूल करणं म्हणजेसुद्धा शाबीत होणं.

यात बचाव काय असतो, असं मला लग्नाकार्यात फार विचारतात, आणि विचारणाऱ्याच्या हातात बहुधा ग्लास असतो. बचाव म्हणजे पळवाट नव्हे. मशीन तपासलेलं होतं का, दोनदा फुंकायला लावलं का, अटकेपासून दोन तासांच्या आत डॉक्टरने पाहिलं का, रक्ताच्या बाटलीचं सील शाबूत होतं का, गाडी खरंच हाच माणूस चालवत होता का, आणि दुसरा गुन्हा म्हणत असाल तर पहिल्याचा कागद कुठे आहे, एवढे प्रश्न विचारायचे. उत्तरं बरोबर असली तर माणसाने शिक्षा भोगावी. मी तसं तोंडावर सांगत असे, त्यामुळे माझे बरेच पक्षकार दुसऱ्या वकिलाकडे गेले.

लोकांना मात्र बचाव स्वतःच शोधायचा असतो. तोंडात तांब्याचं नाणं धरलं की मशीन फसतं, असं कुणी तरी एका गृहस्थांना सांगितलं होतं. त्यांनी धरलं. हवालदार म्हणाला, "मोठा श्वास घ्या." त्यांनी घेतला आणि नाणं गिळलं. आकडा आला तो आलाच, वर एक्स-रे.

दुसरे एक पुण्याचे साहेब. पोलिसांचा नाका दिसताच यांनी बायकोशी जागा बदलली. हवालदाराने आदबीने म्हटलं, "मॅडम, गाडी जरा बाजूला घ्या." मॅडमनी नवऱ्याकडे बघून विचारलं, "बाजूला कुठल्या बटणाने जाते?" साहेब माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मी चालवतच नव्हतो." मी म्हटलं, "मग गाडी नाक्यापर्यंत आली कशी?" ते म्हणाले, "उतार होता." मॅडम शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी मला हळूच सांगितलं, की दंड झालाच पाहिजे असं बघा.

अशा गोष्टी सांगत बसलो तर अंक पुरणार नाही. मला सांगायची आहे ती किसनची.

किसन आंदर मावळातल्या एका वाडीचा. चाळिशीचा, सडसडीत, बोलायला कमी. वाडीपासून कामशेतपर्यंत त्याची वडापची, माणशी भाडं घेऊन माणसं नेणारी जीप. एसटी खालच्या फाट्यापर्यंतच येते, तीही दिवसातून दोनदा, आणि त्यातली एक यायचं विसरते. त्यामुळे दुधाचे कॅन, शाळेची पोरं, अडलेली बाई, सगळं किसनच्या जीपमधून उतरायचं. पावसाळ्यातल्या रविवारी तो लोणावळ्याला जाऊन भुशीची भाडी मारी.

दोन वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका सोमवारी तो माझ्या ऑफिसात आला. उजवा गाल टम्म सुजलेला, डोक्यावरून हनुवटीखाली पंचा बांधलेला. खुर्चीत न बसताच म्हणाला, "साहेब, कबूल करायचं हाय. किती येळ लागंल?"

मी कागद वाचले. आदल्याच दिवशी दुपारी भुशीच्या रस्त्यावर पकडलेला. मशीनवर आकडा भलामोठा. जीपमध्ये खोकल्याच्या औषधाची छोटी बाटली, तिच्यात चार चमचे दारू. आणि खाली लिहिलेलं, की आरोपीला याच कलमाखाली पूर्वी शिक्षा झालेली आहे. मी चष्मा काढला.

"दुसऱ्यांदा? अरे, या वेळी तुरुंग होऊ शकतो. पहिल्यांदा कबूल कर म्हणून कुठल्या शहाण्याने सांगितलं होतं तुला?"

किसन जमिनीकडे बघत म्हणाला, "तुमीच, साहेब."

मला तो आठवत नव्हता, पण तो दिवस डोळ्यांपुढे आला. दिवस म्हणजे तसे शेकडो दिवस. सोमवारी कोर्टाच्या व्हरांड्यात पिऊन गाडी चालवणाऱ्यांची रांग लागायची. मी काळा कोट सावरत दुसऱ्या केसला पळत असायचो, आणि रांगेतला कुणी हात जोडून विचारायचा, "साहेब, काय करू?" मी चालता चालताच सांगायचो, "कबूल कर, दंड भर, घरी जा." फी घ्यायचो नाही. मला ते पुण्यकर्म वाटायचं.

किसनने पहिल्या वेळी घेतली होती. भाच्याच्या हळदीला. त्याला वाचवण्यासारखं काही नव्हतं, पण सांगण्यासारखं बरंच होतं. लायसन जाईल, पुढच्या वेळी हा कागद पुन्हा समोर येईल, यातलं मी एक अक्षर बोललो नव्हतो. दंड भरून तो मोकळा झाला असं समजला, आणि लायसन काढून घेतल्यावर कोर्टाबाहेर बराच वेळ उभा राहिला. हे त्याने मला आता सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, विचारलं म्हणून. सहा महिने जीप अंगणात उभी होती. सहा महिने वाडी चालत होती.

लायसन परत आलं तेव्हा वाडीने त्याला वाघजाईच्या देवळात नेलं. पुन्हा तोंडाला लावणार न्हाई, अशी भंडारा, म्हणजे देवीची हळद, उचलून शपथ घ्यायला लावली. ती घेतली तेव्हाच लोक जीपमध्ये बसले. आमच्या मावळात भंडारा उचलणं ही साधी गोष्ट नाही. स्टँपपेपरवर सही करून फिरलेली माणसं मी खंडीभर पाहिली, भंडारा उचलून फिरलेला अजून पाहायचा आहे.

"मग शपथ का मोडलीस?" मी विचारलं.

त्याने पंच्याची गाठ आवळली. मी परत कागद चाळले. डॉक्टरच्या दाखल्यात एक ओळ होती: 'बोलणे अडखळत. उजवा गाल सुजलेला.' मी त्या ओळीकडे आणि त्याच्या पंच्याकडे आळीपाळीने बघितलं.

"दाढ दुखते?"

"लय."

"दाढेत काय ठेवलं होतंस?"

त्याने गालावर तळवा दाबला. मग म्हणाला, "कापसाचा बोळा. दारूत भिजवून." आमच्याकडे हा उपाय घरोघरी चालतो. दाढ ठणकायला लागली की बोळा दाबून धरायचा आणि पाणी सुटलं की थुंकायचं. त्याने नाक्याच्या अलीकडे, चहाच्या टपरीपाशी बोळा बदलला होता. मशीन श्वास मोजतं, पण तोंडातच ताजी दारू असेल तर तीही त्यात येते. म्हणून तर थोडं थांबून दुसऱ्यांदा फुंकायला लावायचं असतं. आणि रक्त खोटं बोलत नाही. ते दोन तासांच्या आत घेतलेलं होतं, तपासायला गेलं होतं. इतक्या वर्षांत इतका स्वच्छ बचाव माझ्या टेबलावर आला नव्हता. मी खुर्चीत अक्षरशः उडालो.

"किसन, तू निर्दोष आहेस!"

"न्हाई," तो म्हणाला. "तोंडाला लावणार न्हाई म्हणलो हुतो. लागली. देवीम्होरं एक आन् कोर्टात दुसरं, असं मला जमायचं न्हाई."

"बोळा कुणी दिला? बाटली कुणाची?"

"ते मी सांगणार न्हाई."

मी अडतीस वर्षं दोषी माणसांना 'मी निर्दोष आहे' असं म्हणताना ऐकत आलो. निर्दोष माणूस दोषी ठरायला हट्ट धरून बसलाय, हे पहिल्यांदाच बघत होतो. तारखेला अजून दोन आठवडे होते. तो कबूल करून बसला असता तर तुरुंग, निदान लायसन, आणि वाडी परत पायी. आणि पहिला कागद माझ्याच तोंडच्या सहा शब्दांचा.

पुढच्या रविवारी मी वाडीला निघालो. एसटीने फाट्यावर सोडलं आणि तिथून चढ. भाताची रोपं वाऱ्यावर डुलत होती, बांधावर बगळे, वर ढग. बघायला फार सुरेख. पण तासाभराने माझे गुडघे बोलायला लागले. वाटेत एक बाई डोक्यावर दुधाचा कॅन घेऊन उतरत होती. मी विचारलं, "किती राहिलं?" ती म्हणाली, "आलंच की. अजून एवडंच." म्हणजे जेवढं चाललो तेवढंच. मी दगडावर बसलो आणि सहा महिने रोज हा रस्ता तुडवणारी ही माणसं माझ्या 'घरी जा'मुळे चालली होती, हा विचार काही केल्या मनातून जाईना.

देवळात पंधरा-वीस माणसं जमली. किसन खांबाला टेकून, नजर खाली. मध्ये पारूमावशी. ही वाडीतली सगळ्यांत मोठी बाई, ऐंशीच्या पुढची, रोज जीपच्या पुढच्या सीटवर बसून कामशेतच्या बाजारात भाजी विकायला जाणारी. ती सीट तिची. एकदा तलाठी तिथे बसले होते, त्यांनाही तिने मागे पाठवलं होतं. किसनला शपथ दिली ती हिनेच.

मी आधी माझी चूक सांगितली. पहिल्यांदा मीच घाईत कबूल करायला लावलं, पुढचं काही सांगितलं नाही, असं म्हणालो. कोर्टात मला बोलायची सवय आहे, पण तिथे मी दुसऱ्याच्या चुकांबद्दल बोलतो. मग दाढेचं आणि बोळ्याचं सांगितलं, आणि म्हटलं, की किसन बोळा देणाऱ्याचं नाव सांगत नाही, त्यामुळे साक्षीदार नाही, आणि त्याला शपथ मोडल्याचं पाप लागलंय असं वाटतं.

पारूमावशीने पदर सारखा केला.

"त्यो कसा सांगंल?" ती म्हणाली. "बोळा म्याच ठिवला."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. किसन म्हणाला, "मावशे, कशाला..."

"तू गप. सकाळच्याला जीपमदी बसले तं ह्यो गाल धरून गाडी चालवीत हुता. डोळ्यांतनं पाणी. म्या घरात गेले, बाटली आनली, सोताच्या हातानं बोळा दाढंत दाबला, आन् बदलाया बाटली बी त्याच्याजवळ दिली. शपथ देनारी मी आन् बोळा ठिवनारी बी मीच. म्हातारीचं नाव नको यायला म्हून ह्यो जेलात निगाला. येडा कुटला." मग किसनकडे रोखून बघत तिने विचारलं, "गिळलीस का थुकलीस?"

"थुकली."

"मंग देवीला काय सांगायचं त्ये मी सांगते. कोर्टाला काय सांगायचं त्ये वकील सांगंल. तू निसता गाडी चालव."

किसनने पंच्यात तोंड लपवलं. रडत होता का हसत होता, मला कळलं नाही. मला मात्र दोन्ही आलं.

तारखेला त्याने, मी शेजारी उभा असताना, 'गुन्हा कबूल नाही' असं म्हटलं. पुढे काही महिन्यांनी रक्ताचा अहवाल आला: अल्कोहोल आढळलं नाही. तरी मशीनचा आकडा आणि ती बाटली होतीच, त्यामुळे खटला चालला. हवालदार सरळ माणूस निघाला. मी उलटतपासात विचारलं, "थांबून दुसऱ्यांदा फुंकायला लावलंत?" तो म्हणाला, "नाही साहेब. मागे गाड्यांची रांग होती, सगळे हॉर्न वाजवत होते." खोटं बोलायची सोय असताना तो बोलला नाही, याबद्दल मी त्याला बाहेर चहा पाजला.

मग बचावाची साक्षीदार. पारूमावशी नवं लुगडं नेसून पिंजऱ्यात उभी राहिली आणि आधी न्यायाधीशसाहेबांना म्हणाली, "बसा, बसा." ते बसलेलेच होते. तिने सगळं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. सरकारी वकील तरुण होते, त्यांनी विचारलं, "आजी, तुमच्या घरात दारू कशाला?"

"दाढंला. गुडघ्याला. बैलाचा पाय मुरगाळला तं त्याला."

"तुम्ही पिता का?"

मावशीने थोडा विचार केला. "हितं खरं बोलायची शपथ घ्येतली न्हवं? मंग सांगते. थंडीत गुडघ्याला लावता लावता येकादा घोट वाट चुकतो. पन मी गाडी चालवीत न्हाई, साहेब."

न्यायाधीशसाहेबांनी कागदात तोंड घातलं. शिरस्तेदार खिडकीबाहेर बघायला लागले. सरकारी वकिलांनी आणखी प्रश्न नाहीत असं सांगितलं, आणि ते सांगताना त्यांचेही खांदे हलत होते.

किसन निर्दोष सुटला. पोलिसांनी पावती देऊन ठेवून घेतलेलं लायसन हातात आलं त्या दिवशी त्याने मला स्टेशनवरून उचललं. दाढ त्याने केव्हाच दवाखान्यात जाऊन काढून घेतली होती आणि काड्यापेटीत घालून जीपच्या कप्प्यात ठेवली होती. "पुरावा म्हून लागंल वाटलं," म्हणाला. कामशेतच्या बाजारात मावशी भाजीची रिकामी पाटी घेऊन उभी होती. तिने पुढचं दार उघडलं, मला बसायला सांगितलं आणि स्वतः मागे जाऊन बसली. किसनने आरशातून दोनदा मागे बघितलं. वाडीत पोचेपर्यंत पुढे बसलेला वकील बघायला वाटेतली माणसं थांबत होती.

जीप थेट देवळापाशी. शपथ नव्याने घ्यायची होती, या वेळी जरा नीट विचार करून. किसनने भंडारा उचलला: पिणार नाही, औषधाला म्हणूनही लावणार नाही, दाढ दुखली तर दवाखान्यात जाईन. पोरांनी येळकोट केल्यासारखा आरडाओरडा केला. कुणी तरी गूळ-खोबरं वाटलं. मीही खूश होऊन टाळ्या वाजवत होतो, तेवढ्यात मावशीने भंडाऱ्याचं ताट माझ्यापुढे धरलं.

"उचला, वकीलबाबा."

आमच्या मुलाणी घराण्याचा आमच्या गावच्या जत्रेत पिढ्यान्‌पिढ्यांचा मान आहे, त्यामुळे भंडाऱ्याचं मला नवल नव्हतं. पण मी हसून म्हटलं, "मावशी, मी कधी घेतलीच नाही. मी कशाची शपथ घेऊ?"

"दारूची न्हाई वो," मावशी म्हणाली. "रांगंतल्या मानसाला चालता चालता 'कबूल कर' म्हननार न्हाई, ह्याची."

सगळे माझ्याकडे बघत होते, किसनसुद्धा. त्याच्या गालावरची सूज पार उतरली होती आणि तो पहिल्यांदाच माझ्याकडे नजर वर करून, हसत बघत होता.

मी भंडारा उचलला. त्यानंतर वकिलीचा कोट कायमचा उतरवेपर्यंत व्हरांड्यातला प्रत्येक माणूस आधी बाकावर बसवला, शेजारी बसलो आणि मगच बोललो.